चार नियम आणि एकवीस नेमणुका

मी सिहोऱ्याहून बोलतेय. भंडाऱ्याकडच्या श्रोत्यांना तुमसर तालुक्यातलं सिहोरा आठवेल, पण हे ते नव्हे. हे जबलपूर जिल्ह्यातलं, जबलपूरहून कटनीकडे जाताना लागणारं.

आजचा विषय नावानंच घाबरवणारा आहे: बीएन-जोडी असलेले ग्रुप आणि त्यांची गृहीतकं. अमूर्त बीजगणिताच्या पुस्तकात हा भाग आला की साधारण अर्ध्या पानात चार नियम दिलेले असतात, आणि पुढच्या पानापासून प्रमेयांची रांग लागते. विद्यार्थी नियम पाठ करतात. पण एक प्रश्न बहुतेकांच्या मनात राहतोच: हे चार नियम आले कुठून, आणि हेच चार का? आज तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देऊ. कागद-पेन्सिल घेऊन बसा. बेरीज-गुणाकारापलीकडे फारसं काही लागणार नाही.

आधी एक छोटी रचना घेऊ. एका वर्गात सात मुलं आहेत. नावांऐवजी त्यांना १ ते ७ क्रमांक देऊ. शाळेनं सात समित्या केल्या, प्रत्येकीत तीन मुलं. समित्या अशा: १२४, २३५, ३४६, ४५७, ५६१, ६७२, ७१३. तपासून पाहा, कोणतीही दोन मुलं घेतली तर ती दोघं मिळून नेमक्या एका समितीत सापडतात. कोणत्याही दोन समित्या घेतल्या तर त्यांच्यात नेमकं एक मूल सामाईक आहे. गणितात या रचनेला फानोचं प्रतल म्हणतात.

आता ‘नेमणूक’ म्हणजे काय ते ठरवू. एक मूल आणि ते ज्या समितीत आहे अशी एक समिती, ही झाली एक नेमणूक. मूल १ समिती १२४ मध्ये, ही एक नेमणूक. मूल १ समिती ५६१ मध्ये, ही दुसरी. सात समित्या, प्रत्येकीत तीन मुलं, म्हणून एकूण २१ नेमणुका.

एका नेमणुकीवरून दुसरीवर जायचे दोन साधे मार्ग आहेत. समिती तीच ठेवून मूल बदलायचं, किंवा मूल तेच ठेवून समिती बदलायची. यांना ‘मूल-पाऊल’ आणि ‘समिती-पाऊल’ म्हणू. मूल १, समिती १२४ इथून सुरुवात करा. मूल-पावलानं दोन ठिकाणी जाता येतं: मूल २ किंवा मूल ४, समिती तीच. समिती-पावलानंही दोन ठिकाणी: मूल १ तेच, समिती ५६१ किंवा ७१३. आधी मूल आणि मग समिती बदलली तर नव्या चार नेमणुका मिळतात. आधी समिती आणि मग मूल बदललं तर आणखी चार. आतापर्यंत १, २, २, ४, ४ मिळून १३ झाल्या. उरल्या ८, आणि त्या सगळ्या तीन पावलांवर आहेत.

या आठांपैकी एक नीट पाहू: मूल ३, समिती २३५. तिथे मूल, समिती, मूल अशा पावलांनी जाता येतं: समिती १२४ मध्येच मूल २ घ्या, मग समिती २३५ घ्या, मग मूल ३ घ्या. समिती, मूल, समिती अशाही पावलांनी जाता येतं: मूल १ ठेवून समिती ७१३, मग त्याच समितीत मूल ३, मग समिती २३५. दोन्ही वाटा तीन पावलांच्या, आणि दोन्ही एकाच ठिकाणी पोचतात. उरलेल्या आठही नेमणुकांबाबत हे खरं आहे. म्हणजे कोणत्याही दोन नेमणुकांमध्ये सहाच प्रकारची नाती संभवतात.

आता ग्रुप कुठे आला? मुलांची अशी अदलाबदल करायची की समित्यांची यादी जशीच्या तशी राहील. क्रमांक बदलतील, पण ज्या तिघांची समिती होती त्यांची नवी नावं मिळूनही समितीच झाली पाहिजे. अशा अदलाबदली १६८ आहेत. दोन एकामागून एक केल्या तरी तशीच अदलाबदल मिळते, आणि प्रत्येक उलटवता येते. म्हणून हा १६८ घटकांचा ग्रुप.

यात बी आणि एन हे दोन उपग्रुप निवडायचे. बी म्हणजे एक ठरलेली नेमणूक जागच्या जागी ठेवणाऱ्या अदलाबदली. आपली नेमणूक मूल १, समिती १२४. ती न हलवणाऱ्या अदलाबदली ८ आहेत, आणि ८ गुणिले २१ म्हणजे १६८. हिशेब जुळला. एन साठी एकाच समितीत नसलेली तीन मुलं घ्यायची, समजा १, २, ३. या त्रिकुटाला आपसातच फिरवणाऱ्या अदलाबदली म्हणजे एन. त्या ६ आहेत. या त्रिकुटातून तीन समित्या आणि सहा नेमणुका तयार होतात, आणि त्या षटकोनासारख्या गोल मांडता येतात: एक मूल-पाऊल, एक समिती-पाऊल, पुन्हा मूल-पाऊल, असं सहा पावलांत मूळ जागी.

एवढं हातात असलं की चार नियम वाचता येतात.

पहिला नियम: बी आणि एन मिळून संपूर्ण ग्रुप तयार होतो, आणि दोघांचा सामाईक भाग, त्याला टी म्हणतात, एन मध्ये नॉर्मल उपग्रुप असतो. आपल्या उदाहरणात टी मध्ये काहीच न हलवणारी एकच अदलाबदल आहे. आठ आणि सहा, एवढ्या भांडवलावर १६८ उभे राहतात.

दुसरा नियम: एन ला टी नं भागून जो ग्रुप मिळतो, त्याला डब्ल्यू म्हणतात, आणि तो दोनदा केल्यावर पूर्ववत होणाऱ्या काही ठरावीक घटकांपासून बनतो. आपल्याकडे असे दोन घटक: १ आणि २ ची अदलाबदल, म्हणजे षटकोनावरचं मूल-पाऊल, आणि २ आणि ३ ची अदलाबदल, म्हणजे समिती-पाऊल. डब्ल्यू मध्ये ६ घटक, आणि नाती पण सहाच. हा योगायोग नव्हे.

तिसरा नियम पुस्तकात सगळ्यात रुक्ष दिसतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे. दूरच्या एका नेमणुकीशी माझं काही नातं आहे. मी एक पाऊल सरकले. आता त्या दूरच्या नेमणुकीशी माझं नातं काय? नियम म्हणतो, दोनच शक्यता: जुनंच नातं राहिलं, किंवा नेमकं त्या एका पावलाएवढं बदललं. तिसरं काही होत नाही. पडताळून पाहू. मूल ३, समिती २३५ ही नेमणूक आपल्यापासून तीन पावलांवर होती. मूल-पाऊल टाकून मूल २, समिती १२४ वर गेलो तर ती दोन पावलांवर येते. मूल ४, समिती १२४ वर गेलो तर ती अजूनही तीन पावलांवरच राहते. दोन शक्यता, दोन्ही घडताना दिसल्या.

चौथा नियम इतका छोटा आहे की विद्यार्थी तो लिहायला विसरतात. तो म्हणतो: पाऊल टाकून, मग बी चा घटक लावून, मग पाऊल मागे घेतलं, तर जे सगळं मिळतं ते बी एवढंच असता कामा नये. साध्या भाषेत, मला जागेवर ठेवणाऱ्या अदलाबदलींपैकी निदान एक तरी माझ्या शेजाऱ्याला हलवते. म्हणजे त्या दिशेला मला एकच शेजारी नाही, किमान दोन आहेत. षटकोनावर प्रत्येक पावलाला एकच पर्याय होता. पूर्ण रचनेत दोन आहेत. तो जादाचा पर्याय असलाच पाहिजे, एवढंच चौथा नियम मागतो.

हा नियम काढून टाकला तर काय बिघडतं? करून पाहू. कोणताही ग्रुप घ्या, जो दोनदा केल्यावर पूर्ववत होणाऱ्या घटकांपासून बनतो. बी मध्ये काहीच न करणारा एकच घटक ठेवा. एन म्हणून तो संपूर्ण ग्रुप घ्या. पहिला नियम पाळला गेला. दुसराही. तिसऱ्यात तपासायला काही उरतच नाही, तोही पाळला गेला. म्हणजे तीनच नियम ठेवले तर त्यांच्या जाळ्यात वाटेल तो मासा येतो. फुटबॉलला स्वतःवरच आणणारे ६० फेर आहेत, त्यांचा ग्रुपही येतो, आणि तो डब्ल्यू म्हणून मिरवतो.

चौथा नियम ठेवला की चित्र पालटतं. तेव्हा डब्ल्यू वाटेल तो असू शकत नाही. तो कॉक्सेटर ग्रुपच असावा लागतो. कॉक्सेटर ग्रुप म्हणजे ज्याचा सगळा स्वभाव दोन-दोन पावलांच्या आपसातल्या संबंधांवरून ठरतो. आपल्याकडे दोन पावलं आलटून पालटून सहा वेळा टाकली की मूळ जागी येतो, एवढं एक वाक्य सांगितलं की डब्ल्यू पूर्ण कळला. कॉक्सेटर ग्रुपमध्ये घटकांचे सम पावलांचे आणि विषम पावलांचे असे दोन भाग पडतातच. फुटबॉलच्या ६० फेरांच्या ग्रुपचे तसे भाग पडत नाहीत, कारण तो साधा ग्रुप आहे. म्हणून तो बाद. हेच चार का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे मिळतं: एका ओळीच्या चौथ्या नियमामुळे डब्ल्यूची संपूर्ण घडण बांधली जाते, आणि नियम लिहिताना कॉक्सेटरचं नावही घ्यावं लागत नाही.

उरलेलं निम्मं उत्तर इतिहासात आहे. १९५४ मध्ये फ्रेंच गणिती फ्रांस्वा ब्रुआ यांना दिसलं की अनेक ओळखीच्या मॅट्रिक्स-ग्रुपचे तुकडे अशाच नात्यांनुसार पडतात, आणि तुकडे मोजून तेवढेच असतात जेवढे डब्ल्यू मध्ये घटक. आपल्या २१ ची १, २, २, ४, ४, ८ अशी फोड हे त्याचंच बालरूप. १९५६ मध्ये कानपूरला जन्मलेल्या हरिश्चंद्र यांनी ते सर्वसाधारणपणे सिद्ध केलं. त्याआधी १९५५ मध्ये क्लोद शेव्हाले यांनी साध्या ग्रुपची नवी कुटुंबं एकाच पद्धतीनं उभी केली होती. या सगळ्या सिद्धतांमध्ये त्याच त्या युक्त्या पुन्हा पुन्हा येत होत्या.

बेल्जियममध्ये १९३० साली जन्मलेल्या जाक टिट्स यांनी विचारलं की या सिद्धतांमध्ये प्रत्यक्षात वापरलं काय जातं? मॅट्रिक्स, क्षेत्र, मिती हे सगळं बाजूला ठेवलं तर शिल्लक काय राहतं? १९६२ च्या त्यांच्या टिपणात आणि १९६४ च्या शोधनिबंधात जे शिल्लक राहिलं, ते हे चार नियम. बोर्बाकी गटानं १९६८ च्या ग्रंथात त्यांना ‘टिट्स प्रणाली’ म्हटलं. म्हणजे नियम आधी सुचले आणि मग उदाहरणं शोधली, असं झालेलं नाही. उदाहरणं ढीगभर होती, आणि त्यांच्या सिद्धतांचा सामाईक अर्क काढल्यावर हे चार हाती लागले.

या चारांतून मिळतं काय? ग्रुपची नात्यांनुसार फोड आपोआप मिळते. बी आणि संपूर्ण ग्रुप यांच्या दरम्यान किती उपग्रुप आहेत तेही कळतं: पावलांचे प्रकार दोन असतील तर नेमके चार, तीन असतील तर आठ. आपल्याकडे ते चार असे: ८ घटकांचा बी, मूल १ ला न हलवणारा २४ चा, समिती १२४ ला न हलवणारा २४ चा, आणि पूर्ण १६८ चा. यांच्याशिवाय पाचवा शोधायला जाऊ नका, मिळणार नाही. आणखी काही सोप्या अटी जोडल्या तर ग्रुप साधा आहे हेही सिद्ध होतं. १६८ चा आपला ग्रुप त्या अटी पाळतो. जे पूर्वी प्रत्येक कुटुंबासाठी वेगळं सिद्ध करावं लागे, ते एका सिद्धतेत आलं.

आता एक शंका. मूल-पाऊल, समिती-पाऊल, १, २, २, ४, ४, ८, या संख्या जुळल्या की झालं ना? नियमांचं अवडंबर कशाला? ही शंका परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत नेहमी दिसते: संख्या जुळल्या, म्हणून वस्तू तीच. तिचं उत्तर आमच्या भागातल्या एका मराठी माणसाच्या कामात सापडतं.

शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागरला झाला. तेव्हा सागर, जबलपूर आणि नागपूर हे सगळं एकाच मध्य प्रांतात होतं. शिक्षण नागपूरला झालं, आणि १९५० मध्ये अमेरिकेत राजचंद्र बोस यांच्याकडे त्यांनी पीएच.डी. केली. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरचं १७८२ सालचं लॅटिन चौकोनांविषयीचं अनुमान खोटं ठरवलं, आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. पुढे मुंबई विद्यापीठात ते गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले. त्यांचं काम बीएन-जोड्यांवर नव्हतं. पण आपल्या शंकेला लागू पडणारं एक उदाहरण त्यांच्या १९५९ च्याच दुसऱ्या एका शोधनिबंधात आहे.

चार बाय चारची जाळी घ्या, १६ घरं. बुद्धिबळातला हत्ती एका चालीत जिथे जाऊ शकतो ती घरं शेजारी. प्रत्येक घराला ६ शेजारी, तीन ओळीतले आणि तीन स्तंभातले. उरलेली ९ घरं दूरची. शेजारी असलेल्या दोन घरांना २ सामाईक शेजारी, शेजारी नसलेल्यांनाही २. ओळींची आपसात अदलाबदल २४ प्रकारे, स्तंभांची २४ प्रकारे, मिळून ५७६. एक घर जागेवर ठेवणाऱ्या ३६. इथे चारही नियम पाळले जातात: ओळ-पाऊल आणि स्तंभ-पाऊल ही दोन पावलं, प्रत्येक दिशेला तीन पर्याय, आणि फोड १, ३, ३, ९.

आता तीच १६ घरं, पण शेजार वेगळा. जाळीच्या समोरासमोरच्या कडा जोडलेल्या समजा, उजवीकडून बाहेर पडलं की डावीकडून आत, वरून बाहेर पडलं की खालून आत. शेजारी म्हणजे डावं, उजवं, वरचं, खालचं, आणि एकाच तिरक्या रेषेवरची दोन घरं: उजवीकडे-वरचं आणि डावीकडे-खालचं. पुन्हा ६ शेजारी. पुन्हा ९ दूरचे. शेजाऱ्यांना २ सामाईक, इतरांनाही २. सगळ्या संख्या तंतोतंत त्याच.

पण वस्तू ती नाही. हत्तीच्या जाळीत एका घराचे सहा शेजारी तिघा-तिघांच्या दोन टोळ्यांत विभागलेले असतात: ओळीची टोळी आणि स्तंभाची टोळी. दुसऱ्या रचनेत तेच सहा शेजारी एकमेकांचे हात धरून एका कड्यात उभे असतात. ओळ कुठली आणि स्तंभ कुठला, हे वेगळं काढताच येत नाही. ओळीसाठी एकमेकांचे शेजारी असलेली चार घरं लागतात, आणि या रचनेत तशी चार घरं एकत्र सापडत नाहीत. पावलांचे दोन प्रकारच पडत नाहीत, तर त्यांवर उभे असलेले नियम कशावर उभे राहणार? या रचनेला आज जगभर श्रीखंडे ग्राफ म्हणतात.

श्रीखंडे यांनी त्या निबंधात दाखवलं की पाच बाय पाच, सहा बाय सहा, आणि त्यापुढच्या कितीही मोठ्या जाळीसाठी या संख्या जुळल्या की रचना हत्तीचीच असते. अपवाद फक्त चार बाय चारला, आणि तोही एकच. म्हणजे संख्यांवरून रचना ओळखता येईल की नाही, हे प्रत्येक वेळी सिद्ध करावं लागतं. ते गृहीत धरता येत नाही.

आपल्या समित्यांच्या खेळातही हेच होतं. सात मुलांची रचना एकच आहे. पण ९१ मुलं, ९१ समित्या, प्रत्येकीत १० मुलं, आणि कोणत्याही दोघांची नेमकी एक समिती, अशा रचना चार वेगवेगळ्या आहेत. चौघींच्या संख्या एकच. बीएन-जोडी मात्र त्यांतल्या एकीलाच मिळते, कारण बाकी तिघींमध्ये नियम पाळण्याइतक्या अदलाबदलीच नाहीत.

संख्या जुळल्या तर ‘असं असू शकेल’ एवढंच म्हणता येतं. नियम पडताळले तर त्यांच्यामागे येणारी सगळी प्रमेयं हक्कानं वापरता येतात, मग समोर मॅट्रिक्स असोत, समित्या असोत की जाळी. १९६५ मध्ये इवाहोरी आणि मात्सुमोतो यांनी हेच नियम अशा ग्रुपमध्ये पाळले जाताना दाखवले जिथे डब्ल्यू अनंत आहे. टिट्सचे चार नियम तिथेही जसेच्या तसे चालले. ब्रुआ आणि टिट्स यांनी त्यावर पुढे मोठं काम केलं, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षं काम केलेले गोपाल प्रसाद आणि ताशो कालेथा यांचा त्या सिद्धांतावरचा ग्रंथ २०२३ मध्ये आला.

जाता जाता गृहपाठ. मूल ५, समिती २३५ ही नेमणूक घ्या. आपल्या मूळ नेमणुकीपासून, म्हणजे मूल १, समिती १२४ पासून, तिथे दोन वेगळ्या वाटांनी तीन पावलांत जाऊन दाखवा. मग श्रीखंडे ग्राफ वहीत काढा आणि एका घराचे सहा शेजारी रंगवून त्यांचं कडं पाहा. एक सूचना: कडेवरच्या घरापासून सुरुवात करू नका, मधलं घर घ्या, म्हणजे गोंधळ कमी होईल. पुढच्या भागात आपण तीन प्रकारच्या पावलांची रचना घेऊ, म्हणजे आठ उपग्रुप आणि २४ नाती. तोवर नमस्कार.